अर्ध्या पगाराचा अर्ज

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा फोन जानेवारीत आला, की तिच्या आवाजावरूनच कळतं, नाताळचा हंगाम सरला! ती तिथल्या एका मोठ्या दुकानात नोकरी करते. डिसेंबरात पाणी प्यायला उसंत नसते आणि जानेवारीत गिऱ्हाईक आटतं. यंदा तर आठवड्याचे ४० तास थेट २० वर आले. नोकरी शाबूत, पगार मात्र निम्मा. घरभाडं, गाडीचा हप्ता, मुलाची फी यांना कोण निम्मं करणार?

"अगं, मग बेकारभत्त्याचा अर्ज कर," मी म्हटलं.

"छे! मी काय बेकार आहे? आणि असं हात पसरायचं म्हणजे..." पुढचं वाक्य तिनं गिळलं. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे असं वाक्य गिळायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

पाच आठवडे तसेच गेले. शेवटी दुकानातल्याच एका सहकारी बाईनं तिच्यापुढे पगाराची चिठ्ठी धरली. त्यात बेकारी विम्यासाठी दर वेळी थोडी रक्कम कापलेली होती. अमेरिकेत या विम्याचा भार मुख्यतः मालकांवर असतो, पण न्यू जर्सीसारख्या मोजक्या राज्यांत कामगारही वाटा उचलतो. म्हणजे मागायचं ते दान नव्हेच, हप्ते भरलेल्या विम्याचा दावा!

१९२९ नंतरच्या महामंदीनं लाखो घरं उघड्यावर आणली, तेव्हा या कल्पनेला बळ आलं. विस्कॉन्सिन राज्यानं १९३२ मध्ये पहिला कायदा केला. १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. तो घडवण्यात मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स या बाईंचा वाटा मोठा होता. प्रत्येक राज्याचे नियम मात्र आजही वेगळे आहेत.

न्यू जर्सीचा हिशेब गोल आकड्यांत पाहू. पूर्ण कामाचे आठवड्याला ८०० डॉलर मिळत असतील, तर पूर्ण बेकार झाल्यावर भत्ता साधारण ६० टक्के, म्हणजे ४८० डॉलर. तास कमी झालेल्यांसाठी या ४८० मध्ये आणखी २० टक्के मिळवायचे, होतात ५७६. त्यातून त्या आठवड्याची कमाई, समजा ४०० डॉलर, वजा करायची. उरले १७६, तो भत्ता. घरी बसणारीला ४८०, अर्धं काम करणारीला एकूण ५७६. मिळेल तेवढं काम करणाऱ्याचं नुकसान होऊ नये, ही त्यातली दृष्टी.

अटीही आहेत. नेहमीच्या तासांच्या ८० टक्क्यांहून जास्त काम झालं, तर त्या आठवड्याचा भत्ता नाही. पूर्णवेळ कामाची तयारी हवी, शोधही चालू हवा. दर आठवड्याची कमाई कपातीपूर्वीची सांगायची, आणि तीही काम केलं त्या आठवड्यात. चेक नंतर आला तरी! लपवलं, तर पैसे दंडासह परत. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दावा अर्ज केल्या आठवड्यापासून धरतात. मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत. बहिणीच्या संकोचाची किंमत याच हिशेबानं पाच आठवड्यांची ८८० डॉलर!

आपल्याकडे 'ले-ऑफ' हा शब्द गिरणगावाला चांगलाच ठाऊक होता. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये तरतूद झाली, की ले-ऑफच्या दिवसांत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मालकानं द्यावी. पण त्यासाठी वर्षभराची नोकरी हवी आणि कारखान्यात किमान ५० कामगार हवेत. निम्म्याचा हा नियम २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही राहिला. कपड्याच्या दुकानातली विक्रेती, हॉटेलातला वाढपी यांचे तास घटले, तर त्यांच्यासाठी यात काही नाही. अर्ज करायला लाजण्याचीही त्यांना सोय नाही!

बहीण आता दर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसते आणि आठवड्याचे तास नि कमाई भरते. परवा मी मुद्दाम विचारलं, "अजून लाज वाटते का गं?"

"वाटते ना," ती म्हणाली, "पाच आठवडे गप्प बसले त्याची!"