खिशातलं पातं, रुळाचं पोलाद

भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनाच्या कुशीतलं गाव. बँकर इंजिन म्हणजे काय, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. पुण्याकडची गाडी कर्जतला थांबते, मागून जादा इंजिनं लागतात आणि ती बोरघाटाच्या चढाला भिडते. दर सदतीस फुटांमागे एक फूट वर! १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, तेव्हापासून हा चढ कर्जतच्या दिनक्रमाचा भाग आहे.

आता एक आकडा ऐका. आजच्या रुळाच्या पोलादात शंभर भागांमागे साधारण ०.६ ते ०.८ भाग कार्बन असतो, बाकी जवळजवळ सगळं लोखंड. आणि खिशात मावणाऱ्या साध्या घडीच्या चाकूच्या पात्यात? सुमारे ०.९ भाग. म्हणजे हजारो टनांची मालगाडी पेलणारा रूळ आणि कैरीची फोड करणारं पातं, दोन्ही जवळपास एकाच मालाची! मग रूळ वर्षानुवर्षं हादरे सोसतो आणि पातं केसाहून बारीक धार धरतं, हे कसं जमतं?

याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा नको. एक स्वस्तातला घडीचा चाकू घ्या आणि तो आपल्या हाताला, आपल्या मनासारखा बदलायला बसा. जगभर हजारो हौशी माणसं हेच करतात आणि त्यांतल्या कित्येकांची सुरुवात एकाच चाकूपासून होते. त्याचं नाव ओपिनेल.

फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत साव्हुआ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे ओपिनेल कुटुंब शेतकऱ्यांसाठी कोयते आणि कुऱ्हाडी घडवायचं. त्या घरातल्या जोसेफ नावाच्या तरुणाने १८९० साली खिशात ठेवायचा एक साधा चाकू केला. १८९७ पर्यंत त्याचे एक ते बारा नंबरांचे आकार ठरले. १९५५ साली पातं उघडं असताना जागीच अडकवणारी फिरती रिंग आली. झालं! आजही आठ नंबरच्या चाकूत मोजून पाच भाग असतात: लाकडी मूठ, पातं, आरपार खिळा, एक पक्की रिंग आणि एक फिरती रिंग. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. मग पातं आपोआप उघडत का नाही? लाकडी खाचेचे दोन गाल त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात म्हणून. नुसतं घर्षण! आपल्या न्हाव्याचा जुना वस्तरासुद्धा याच तत्त्वावर मिटतो आणि उघडतो. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू तर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. कल्पना किती जुनी आणि किती टिकाऊ!

पाचच भाग आहेत, म्हणूनच नवख्याला हात घालायची हिंमत होते. पण कोणत्या भागाला आधी हात लावायचा? अनुभवी माणसं सांगतात, मुठीला. पात्याला नाही. यामागचं कारण कळण्यासाठी पात्याच्या आत डोकवावं लागेल.

लोखंडाचे अणू अस्ताव्यस्त नसतात, ते शिस्तीत रांगा लावून बसतात. पोलाद तापवत नेलं, की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पहिली गंमत होते: त्याला चुंबक चिकटेनासं होतं. म्हणूनच तापमापक नसलेला कारागीर लालबुंद पात्याजवळ चुंबक नेऊन अंदाज घेतो. त्याच सुमाराला दुसरी, त्याहून मोठी घटना घडते. अणूंची बसायची रचनाच बदलते आणि नव्या रचनेत कार्बनचे अणू सहज सामावतात. आता हे पोलाद हवेत सावकाश निवू दिलं, तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते. लोखंडाचे आणि लोखंड-कार्बनच्या संयुगाचे अतिबारीक थर एकावर एक तयार होतात. रुळाचं पोलाद ते हेच: चिवट, हादरे सोसणारं.

आणि तेच लालबुंद पोलाद एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं तर? लोखंडाचे अणू जुन्या रचनेकडे परतायला धावतात, पण कार्बन निघू शकत नाही. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये डोंबिवलीला उतरायचा माणूस दारापासून लांब अडकला, की त्याला हलता येत नाही आणि त्याच्या कोपरांमुळे शेजारच्यालाही हलता येत नाही. कार्बनचं नेमकं हेच होतं. रांगा ताणल्या जातात, एकमेकींवरून सरकू शकत नाहीत. आणि धातूमध्ये ‘सरकता न येणं’ म्हणजेच कठीणपणा! अडकलेल्या कार्बनच्या या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकावरून मार्टेन्साइट म्हणतात. आपला लोहार नाव न घेता तेच करतो. तो कोयत्याला ‘पाणी देतो’.

पण एवढं कठीण पातं काचेसारखं फुटेल. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं, सुमारे २०० अंशांपर्यंत. थोडा कार्बन सुटतो, थोडा ताण उतरतो आणि कठीणपणा व चिवटपणा यांची तडजोड होते. म्हणजे रूळ आणि पातं यांच्यात मालाचा फरक नाहीच म्हणा ना. फरक आहे तो निवण्याच्या वेगाचा. काही सेकंदांचा!

आता नवख्याने पात्याला ग्राइंडर का लावू नये, ते सांगायला नको. चाकावर घासताना पात्याचं टोक बघता बघता तापतं. आधी फिकट गवती रंग दिसतो, मग तपकिरी, मग तीनशे अंशांच्या आसपास झकास निळा. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा, इतका पातळ की त्याच्या जाडीवरून प्रकाशाचा रंग ठरतो. दिसायला सुंदर, पण निळा रंग म्हणजे तिथला कार्बन सुटला, धार मऊ पडली. ती परत आणायची तर भट्टीच हवी. म्हणून पात्याशी दगड, पाणी आणि हात एवढ्यांनीच बोलावं. दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांचा कोन धरून ओल्या दगडावर घासत गेलं, की दोन उतार एका रेषेत भेटतात. चांगल्या धारेची ती रेषा एका मायक्रॉनच्या आत असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड! घासताना काठावर धातूची अतिबारीक कड वळते, ती चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने ओढून काढायची. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा, तो याचसाठी.

पात्यात एक बदल मात्र नवख्याने बिनधास्त करावा: त्याचा रंग. साध्या कार्बन पोलादाची विळी ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे पाहिलंय. कैरी चिरली की पातं काळंनिळं पडतं. का? कैरीतली आम्लं लोखंडाचे कण सुटे करतात आणि तिच्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, त्यांना धरून गडद संयुगं बनवतात. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करायची आपल्याकडची जुनी रीत याच अभिक्रियेवर चालायची. म्हणजे कैरी चिरताना आपण पात्यावर शाईच चढवत असतो! पात्याचं तेल पुसून ते कोमट व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवलं तरी असा करडा थर चढतो. आणि हा थर नुसता शोभेचा नाही. तांबडा गंज भुसभुशीत असतो, फुगतो, पोपडे धरतो आणि आतल्या लोखंडाला पुन्हा उघडं पाडतो. हा गडद थर घट्ट चिकटून राहतो आणि तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवतो. गंजाला अडवायला गंजाचाच भाऊबंद!

तुमचं पातं स्टेनलेस असेल तर मात्र कैरी हरली. त्यातल्या क्रोमियमने हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःभोवती काही नॅनोमीटर जाडीचं कवच केलेलं असतं. ओरखडा काढा, ते क्षणात पुन्हा भरून येतं.

आता मुठीकडे वळू. हत्यार सजवायची हौस आपल्याला नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा: कुणी घोडा झालाय, कुणी पक्षी, कुणी माणसांची जोडी. सुपारी कातरायला यातलं काहीच लागत नाही. तरी कारागिराने बिजागरीच्या हालचालीतच चित्र बसवलं.

आपलं काम त्या मानाने सोपं. आधी पात्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळायची, कारण काम मुठीचं असलं तरी बोट आपलंच आहे. फिरती रिंग पकडीने हलकेच फाकवून काढायची. खिळ्याला हात लावायचा नाही. मग कानशीने मुठीला हवा तो आकार द्यायचा: करंगळीपाशी खोलगट, तळहाताशी फुगीर. त्यावर पॉलिश पेपर, १२० नंबर, मग २४०, मग ४००. प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे मिटवून स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतो. गुळगुळीतपणा म्हणजे ओरखडे नसणं नव्हे, ते हाताला न कळण्याइतके बारीक होणं.

रंग हवा असेल तर कैरीची युक्ती इथे उलटी चालते. लोखंडाचा कीस काही दिवस व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी लाकडावर फिरवायचं. लाकडात टॅनिन असेल तर ते डोळ्यांदेखत काळवंडतं. आपल्या रानातला खैर अशा तुरट द्रव्यांनी गच्च भरलेला असतो. त्याचं लाकूड उकळून कात काढणं हा एके काळी कातकऱ्यांचा धंदाच होता. ओपिनेलचं बीच लाकूड या बाबतीत गरीब, त्याला आधी कडक चहाच्या पाण्याचा हात द्यायचा. चहातलं टॅनिन, व्हिनेगरमधलं लोखंड, आणि मुठीवर तीच शाई!

मग तेल. रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं बेलतेल घ्या. आपण म्हणतो ते ‘वाळतं’, पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. उलट वाळताना त्याचं वजन वाढतं! त्याच्या रेणूंत ऑक्सिजन पकडायच्या जागा असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे बसतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचं घट्ट जाळं लाकडाच्या छिद्रांत कायमचं विणलं जातं. या कामात उष्णता सुटते. म्हणून जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. आतली उष्णता साठत जाऊन तो काडी न लावता पेटू शकतो. तो उघड्यावर पसरून वाळवायचा किंवा पाण्यात बुडवून ठेवायचा. खोबरेलात अशा जागा जवळजवळ नसतात, म्हणून ते तेलाचं तेलच राहतं. मुठीला ते निरुपयोगी, पण पात्याला आणि खिळ्याला गंजापासून राखायला उत्तम.

झाला चाकू? भिसेगावात नाही. इथे अजून पाऊस यायचाय.

लाकूड कापलं, तासलं, तेलवलं तरी हवेशी पाण्याची देवघेव थांबवत नाही. तेल ती फक्त मंदावतं. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. पाणी त्यांच्या भिंतींत शिरलं की भिंती जाड होतात, पण तंतू लांब होत नाहीत. म्हणून लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाहीच. बीच तर यात फार चंचल: ओलं असताना आणि पूर्ण वाळल्यावर रुंदीत दहा टक्क्यांहून जास्त फरक. सागाचा याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तर दारं-खिडक्यांना सागाचा मान!

आता ती खाच आठवा, जिचे दोन गाल पात्याला धरून आहेत. जुलैत घाटाखालची हवा ओलीचिंब झाली की ते गाल फुगतात आणि पातं आत असं आवळलं जातं की नखाने उघडत नाही. साव्हुआच्या शेतकऱ्यांनाही हा अनुभव होता. त्यांची युक्ती अशी, की मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं. हादऱ्याने पात्याची पाठ खाचेतून वर येते, मग ते बोटांनी ओढता येतं.

नवख्याला साहजिक वाटतं, खाच जरा घासून रुंद करू. पण कधी? जुलैत घासली तर फेब्रुवारीत लाकूड आटून पातं खुळखुळेल. उन्हाळ्यात बेताची केली तर पावसात पुन्हा आवळेल. एका ऋतूच्या मापाने हा चाकू कापून चालत नाही. म्हणून पहिल्या प्रयत्नात खाचेला हात न लावता आकार, रंग आणि तेल एवढंच उरका. मग चाकू वापरात ठेवा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच्यावरून जाऊ द्या. पातं कधी अडतं, कधी सैल पडतं, हे बोटांना कळलं की खाचेतून नेमकं किती काढायचं तेही कळेल. पोलादाचा निकाल काही सेकंदांत लागला होता. लाकडाच्या निकालाला इथे वर्ष लागतं.