हीट पंप घेण्याआधी तलावाला पांघरूण घ्या

दिल्लीत, आर. के. पुरममध्ये, उघड्या तलावातलं पाणी जानेवारीत अंगाला झोंबतं आणि जूनमध्ये कोमट होतं. हीट पंप दोन्ही ऋतूंत कामी येतो. तो उष्णता तयार करत नाही. हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. उलटसुलट चालणारा पंप असेल, तर उन्हाळ्यात पाण्यातली उष्णता बाहेर टाकतो.

आता हिशोब. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, १.२ मीटर खोल तलाव म्हणजे ३ लाख लिटर पाणी. ते १ अंशाने तापवायला साध्या हीटरला सुमारे ३५० युनिट वीज लागते. हवा उबदार असेल, तर हीट पंपाचं काम ७०-८० युनिटांत भागतं. म्हणून मी सांगतो, हिवाळ्यात पंप दुपारी चालवा. पहाटेच्या गारठ्यात तीच उष्णता महाग पडते.

पण याच तलावातलं फक्त १ मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडालं, तर जवळपास अर्धा अंश गेला! म्हणून हिवाळ्यात रात्री तलाव झाका. मे महिन्याच्या कोरड्या रात्री मात्र उघडा ठेवा. माठातल्या पाण्यासारखा तो आपसूक निवतो. जुलैच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. थंड करण्यासाठी पंप लावायचा तो तेव्हा.