‘सट्टा’, ‘जोखीम’ आणि ‘स्टॉप लॉस’ : दिवसव्यवहाराच्या बाजारभाषेचे अर्थविवरण

बाजाराची भाषा ही कोणत्याही काळी मिश्रच असते. निरनिराळ्या मुलखांतील माणसे देवघेवीसाठी एकत्र आली की प्रत्येक जण आपल्या गाठीचे चार शब्द तेथे टाकतो आणि व्यवहाराच्या घाईत त्यांतले जे टिकतात त्यांची एक बोली बनते. मुंबईच्या शेअरबाजाराची बोली अशीच घडली. ‘दलाल’ व ‘नफा’ हे शब्द अरबीतून आले, ‘वायदा’ म्हणजे वचन हाही तिथलाच. ‘तेजी’ फारसीतून आली आणि तिची जोडीदारीण ‘मंदी’ संस्कृत ‘मंद’शी नाते सांगत तिच्या शेजारी येऊन बसली. १८७५ साली ज्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली त्यांच्या गुजरातीने या बोलीला वळण दिले. आज हीच बोली मोबाइलच्या पडद्यावरून मुंबईबाहेर पसरली असून पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा तिच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे.

सोयीचा असण्याचे कारण तेथील लोकवस्तीत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या किनाऱ्यावर वाडवळी व मांगेली, डोंगराच्या बाजूला वारली, डहाणूकडे गुजराती आणि बोईसरच्या कामगारवस्तीत हिंदी व भोजपुरी अशा बोली एकमेकींना लागून नांदतात. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. कारखाना पाळ्यांवर चालतो, आणि बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. रात्रपाळी आटोपून घरी आलेल्या कामगाराला हा वेळ मोकळा सापडतो. २०१३ पासून डहाणूपर्यंत धावणाऱ्या लोकलमध्ये बसलेल्या कारकुनाला तो प्रवासात सापडतो. अशा माणसांच्या बोलण्यात ‘इंट्राडे’, ‘सर्किट’, ‘एसएल’ हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या शब्दांपैकी मोजक्यांचा विचार केला आहे; कारण शब्दाचा अर्थ आणि त्यामागील वस्तू यांत जे अंतर पडते, त्याची किंमत येथे रोख रुपयांत मोजावी लागते.

प्रथम क्रियापदाकडे पाहावे. मराठीत जुगार ‘खेळतात’, मटका ‘लावतात’, सट्टाही ‘खेळतात’. ‘ट्रेडिंग’ मात्र ‘करतात’; ज्याप्रमाणे नोकरी करतात, शेती करतात, त्याप्रमाणे. ‘खेळणे’ जाऊन ‘करणे’ आले तेव्हा व्यवहार तोच राहिला, त्याची सामाजिक प्रतिष्ठा तेवढी बदलली. वस्तुतः ‘सट्टा’ हा शब्द मुळात काही हिणकस नाही. ‘साटे’, ‘साटेलोटे’ यांच्याच कुळातला तो आहे आणि त्याचा मूळ अर्थ केवळ अदलाबदल असा आहे. त्याला वाईट वास लागला तो अनुभवाने. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत भागांचे वेड पसरले आणि १८६५ च्या जुलैत ते सारे कोसळले. तेव्हापासून सभ्य घरांत हा शब्द दबल्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. कायद्याने मात्र क्रियापदांचा हा बदल मानला नाही. ज्या सौद्यात मालाचा वा समभागांचा प्रत्यक्ष ताबा न घेता-देता केवळ फरकाची फेड होते, त्याला १९६१ च्या आयकर कायद्याने सट्ट्याचा व्यवहार असेच म्हटले, आणि त्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. ज्याला तरुण मुलगा ‘काम’ म्हणतो त्याला त्याचे विवरणपत्र सट्टा म्हणत आले आहे.

दुसरा शब्द ‘स्मॉल कॅप’. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, २०१७ साली म्युच्युअल फंडांसाठी कंपन्यांची जी प्रतवारी ठरवली तीत एकूण बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १०० कंपन्या मोठ्या, १०१ ते २५० मध्यम आणि २५१ पासून पुढच्या सर्व लहान मानल्या. तेव्हा ‘स्मॉल’ हे येथे आकाराचे विशेषण नसून क्रमाचे आहे. हजारो कोटींची कंपनी त्यात बसते आणि जिच्या समभागांना दिवसभरात शंभर गिऱ्हाइके मिळत नाहीत तीही बसते. दिवसव्यवहार करणाऱ्याला खरा प्रश्न असतो तो या दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे उलाढालीच्या पातळपणाचा. शब्द मात्र त्याविषयी काहीच सांगत नाही.

तारापूरला या शब्दाला आणखी एक छटा प्राप्त होते. आरती ड्रग्ज, कॅम्लिन फाइन सायन्सेस, सियाराम सिल्क मिल्स अशा नोंदणीकृत कंपन्यांचे कारखाने या वसाहतीत आहेत. ज्या फाटकावरून रोज सायकल जाते त्या फाटकामागच्या कंपनीचा भाव पडद्यावर हलताना दिसला, की ‘ही आपल्या ओळखीची’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ‘ओळख’ आणि ‘माहिती’ हे समानार्थी शब्द नव्हेत. धुराडे चालू आहे की बंद, हे पाहून पुढच्या दोन तासांतील भाव कळत नाही. आणि आतल्या माणसाकडून कंपनीची अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी बातमी खरोखरच कळली, तर तिच्या आधारे व्यवहार करणे सेबीच्या २०१५ च्या नियमांनी निषिद्ध आहे. म्हणजे ओळख निरुपयोगी असेल तर ती फसवी, आणि उपयोगी असेल तर बेकायदा. राहते ती ‘टिप’. पातळ उलाढालीच्या समभागात थोड्या पैशाने भाव चढवता येतो, मग इतरांना बोलावून आपला माल त्यांच्या गळ्यात घालता येतो. मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट व शार्पलाइन ब्रॉडकास्ट यांच्या समभागांबाबत सेबीने जे अंतरिम आदेश काढले त्यांत यूट्यूबवरील दिशाभूल करणाऱ्या चित्रफितींचा असाच वापर झाल्याचे नोंदवले होते. ‘टिप’ हा शब्द मराठीत दान या अर्थानेही रूढ आहे. हॉटेलात ती घेणाऱ्याचा फायदा होतो, बाजारात बहुधा देणाऱ्याचा.

आता ‘जोखीम’. जुन्या मराठीत या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत. एक धोका, आणि दुसरा ज्यामुळे धोका उद्भवतो ती मौल्यवान वस्तू. ‘अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करू नये’ असे वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा त्यांना दागिने अभिप्रेत असत. या अर्थाने जोखीम ही मोजता येणारी, गाठीला बांधता येणारी वस्तू होती. ‘जोखणे’ म्हणजे वजन करणे. व्युत्पत्तीने या दोहोंचे नाते काहीही ठरो, व्यवहारात ते अगदी निकटचे आहे. दिवसव्यवहारातील जोखीम-नियमन म्हणजे नेमके हे जोखणेच होय. सौदा करण्यापूर्वी, तो चुकला तर किती जाईल, हे रुपयांत ठरवायचे. आणि त्यावरून किती समभाग घ्यायचे ते काढायचे.

समजा, एखाद्याचे भांडवल १,००,००० रुपये आहे आणि एका सौद्यात शेकडा १, म्हणजे १,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाहीत असे त्याने ठरवले. समभागाचा भाव २००, आदल्या दिवसाचा बंद भावही २००, आणि १९४ ला बाहेर पडायचे असा बेत. एका समभागामागे ६ रुपये धोक्यात. म्हणून १६६ समभाग, किंमत ३३,२००. कागदावर तोटा ९९६ रुपये. येथपर्यंतचे गणित कोणत्याही पुस्तकात सापडते आणि मोठ्या कंपनीच्या समभागात ते बहुतांशी खरेही ठरते.

पातळ बाजारात मात्र पहिली झीज सौदा होताक्षणीच सुरू होते. विकणारा २०० मागतो आणि घेणारा १९८.५० देतो, अशी स्थिती असेल तर घेतल्याबरोबर मोडायला निघालेल्या माणसाचे १६६ समभागांवर २४९ रुपये गेलेच. हजाराचा एक चतुर्थांश. पुढे भाव १९४ ला आला. ‘स्टॉप लॉस’ या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याला ‘तोटा थांबला’ असा वाटतो. प्रत्यक्षात ती एक सशर्त सूचना आहे : भाव अमुक झाला की विकण्याची मागणी बाजारात दाखल व्हावी. घेणारा आणून देण्याचे सामर्थ्य त्या सूचनेत नाही. १९४ ला ४० समभागांचा गिऱ्हाईक आहे, १९२ ला ६० चा, आणि उरलेले ६६ घेणारा थेट १८९ ला. तर हाती ३१,७५४ रुपये पडतात आणि तोटा १,४४६ होतो. ठरवलेल्याच्या जवळजवळ दीडपट, आणि हा सुद्धा तसा बरा दिवस.

वाईट दिवस ‘सर्किट’चा. लहान समभागांना दिवसाच्या चढउताराची मर्यादा आखून दिलेली असते : शेकडा २, ५, १० किंवा २०. वरील समभागाची मर्यादा शेकडा १० धरली तर खालची सीमा १८०. एखादी बातमी आली आणि भाव १९५ वरून मध्ये कोठेही न टेकता १८० ला जाऊन बसला, की तेथे विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कोणीच नसतो. साडेतीनला बाजार बंद होतो, सौदा मिटलेला नसतो, दिवसाचा व्यवहार ताब्याचा व्यवहार होतो आणि पूर्ण रक्कम भरावी लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा खालची सीमा, १६२. सुटका तेथे झाली तर १६६ समभागांवर ६,३०८ रुपये गेले. ठरवलेल्या जोखमेच्या सहापट. ज्याने जोखले नव्हते, सगळ्या लाखाचे ५०० समभाग घेतले होते, त्याचे १९,००० गेले. आणि उरलेल्या ८१,००० चे पुन्हा लाख करायला त्याला शेकडा साडेतेवीस मिळवावे लागतील. आधी विकून मग घेणाऱ्याची, म्हणजे ‘शॉर्ट मारणाऱ्या’ची, गत याच्या नेमकी उलट : वरचे सर्किट लागले की परत घ्यायला माल मिळत नाही आणि त्याची न दिलेली डिलिव्हरी बाजाराच्या लिलावात जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा समभागात बाहेर पडण्याची किंमत हा संरक्षणाचा दुय्यम भाग आहे. मुख्य भाग सौद्याचा आकार. म्हणून जाणकार माणूस येथे ‘किती रुपयांना बाहेर पडू’ याआधी ‘दोन सर्किटे खाली गेले तर काय उरेल’ असे विचारतो, आणि आकार त्या उत्तरावरून ठरवतो. उलाढाल पाहतो, ज्या समभागांवर बाजाराने विशेष देखरेख ठेवली आहे किंवा ज्यांत केवळ ताब्याचेच व्यवहार चालतात ते वर्ज्य करतो, कंपनीचे निकाल जाहीर व्हायच्या दिवशी हात आखडतो, आणि दिवसाला किती गेले म्हणजे पडदा बंद करायचा, हा आकडा सकाळीच लिहून ठेवतो. उसन्या बळाचा मोहही पूर्वीइतका राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ पासून दिवसातल्या सर्वांत मोठ्या बोजाइतकी पूर्ण अनामत आवश्यक झाली. ती किमान शेकडा २० असते आणि चंचल समभागांवर पुष्कळ अधिक.

तथापि ही दक्षता ज्या भाषेत टिकायची, तीच तिच्या विरुद्ध काम करते. बोलण्यातील वाक्यरचना पाहावी. ‘मी सकाळी तीन हजार काढले’, ‘मी बरोबर तळाला उचलला’ : लाभाच्या वाक्यात कर्ता उपस्थित असतो आणि क्रियापद सकर्मक असते. तोट्याची वाक्ये अशी : ‘सर्किट लागले’, ‘एसएल उडाला’, ‘पैसे अडकले’, ‘दहा हजार गेले’. क्रियापद अकर्मक, कर्ता वाक्यातून नाहीसा. ‘लागणे’ हे क्रियापद तर मराठीत बरेवाईट सारे दैवाच्या खात्यावर टाकते. ठेच लागते, दृष्ट लागते, आग लागते, लॉटरीही लागते. सर्किट या मालिकेत सहज बसले. ज्या घटनेला कर्ता नाही तिचा जाब कोणाला विचारायचा? दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य तोच सौदा त्याच आकाराने करतो, यात मग नवल राहत नाही.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे वाक्यांत नाहीसे होणारे कर्ते आकड्यांत सापडतात. २०२२-२३ या वर्षी रोखीच्या बाजारात दिवसव्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ७१ जणांना तोटा झाला; २०१८-१९ मध्ये हे प्रमाण ६५ होते. त्या चार वर्षांत अशा व्यक्तींची संख्या चौपटीहून अधिक झाली आणि तीत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण शेकडा १८ वरून ४८ वर गेले; या तरुणांत तोटा होणारे शेकडा ७६. वर्षात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत तोटा होणारे शेकडा ८०. ज्यांना तोटा झाला त्यांना त्या तोट्याच्या शेकडा ५७ इतकी आणखी रक्कम दलाली व करांपोटी द्यावी लागली. ‘करणे’ हे क्रियापद जितके वाढले तितका तोटा वाढला, असे याचे व्याकरणी भाषांतर करता येईल.

शेवटचा शब्द ‘गुंतवणूक’. हा ‘गुंतणे’ या क्रियापदाच्या प्रयोजक रूपापासून आला आहे. धागा गुंततो, पाय गुंततो, मन गुंतते. आणि आपण होऊन पैसा त्या अवस्थेत ठेवणे म्हणजे गुंतवणे. प्रयोजक आणि मूळ रूप यांतील फरक इच्छेचा आहे. खालच्या सर्किटात सापडलेला दिवसव्यवहारी संध्याकाळी घरी म्हणतो, ‘कंपनी चांगली आहे, आता गुंतवणूक म्हणून ठेवू’. सकाळी त्याचे पैसे गुंतले. संध्याकाळी तो म्हणतो, मी गुंतवले. कर्ता परत आला खरा, पण उशिरा आणि चुकीच्या वाक्यात. याच्या पुढची पायरी ‘ॲव्हरेज करणे’ : १६२ ला आणखी तितकेच समभाग घेऊन खरेदीची सरासरी १८१ वर आणायची. सरासरी उतरते, त्याच क्षणी अडकलेला आकार दुप्पट होतो. आणि ज्या १,००० रुपयांच्या मर्यादेपासून सकाळी सव्वानऊला सुरुवात झाली होती, तिचा उल्लेख त्या संभाषणात पुन्हा येत नाही.