पिऊन आलेल्याला आत घ्यायचे का?

थंडी सुरू झाली की आमच्या आष्ट्यात दरवर्षी चादरी आणि ब्लँकेट वाटली जातात. मोहल्ल्यातली पोरे इशाच्या नमाजनंतर गाडीवर गठ्ठे बांधून निघतात. एस.टी. स्टँड, बंद दुकानांच्या पायऱ्या, देवळाबाहेरचे कट्टे असे फिरून येतात. परत आल्यावर एक वाक्य हमखास कानावर पडते: "सर, दोघे-तिघे पिऊन पडले होते, त्यांना नाही दिली."

पोरांचा हेतू वाईट नसतो. दारू हराम, तेव्हा पिणाऱ्याला मदत कशाला, तो चादर विकून पुन्हा पिणार, असा त्यांचा सरळ हिशेब. पण उघड्यावर झोपलेल्यांत त्या रात्री सर्वांत मोठा धोका याच माणसाला असतो. दारूने अंग गरम राहते हा समज खोटा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते खरी, पण शरीरातली उष्णता भराभर बाहेर जाते. शुद्ध हरपलेल्याला थंडी वाजल्याचे कळतही नाही. त्यात उताणा पडून उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो.

अशा माणसाची जागा बेघर निवाऱ्यात. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे बारा महिने चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावले आणि 2013 पासून केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात त्यासाठी योजना आली. लाखाच्या कितीतरी आत असलेल्या आष्ट्याच्या वाट्याला या हिशेबाने काही येत नाही. आपल्याला जवळचा म्हणजे सांगलीत महानगरपालिका आणि इन्साफ फौंडेशन यांचा 'सावली' बेघर निवारा. पण निवारा कोणत्याही शहरातला असो, दारात एक प्रश्न उभा राहतोच. आलेला माणूस झोकांड्या खात असेल तर त्याला आत घ्यायचे की नाही?

'मद्यपींना प्रवेश नाही' हा नियम ऐकायला रास्त वाटतो. आत म्हातारी माणसे असतात, कुठे बायका-मुले असतात, नुकतीच दारू सोडलेलाही एखादा असतो. त्यांच्या झोपेचा आणि सुरक्षिततेचा हक्क मोठा आहे, हे आम्ही मानतो. पण या नियमाने दारू सुटत नाही. माणूस तेवढा रस्त्यावर राहतो. किंवा दाराबाहेरच घाईने जास्त ढोसून आत येतो आणि रात्री त्याची तब्येत बिघडते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस कुणाशीही बोलू लागतो, बिछान्यावर किडे दिसतात म्हणतो. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून ताईत बांधायला नेतात. वास्तविक ही दवाखान्याची वेळ असते. यावर औषधे आहेत, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने आहेत, आणि ती डॉक्टरनेच द्यायची. म्हणून 'आजपासून थेंब नाही' अशी अट घालून निवाऱ्यात घेणे आणि डॉक्टरला न कळवणे धोक्याचे आहे.

कॅनडातल्या टोरांटो शहरात 1990 च्या दशकात काही बेघर माणसे थंडीने मेली. त्यानंतर तिथल्या सीटन हाउस या निवाऱ्याने अट्टल पिणाऱ्यांना आत घेऊन ठरावीक वेळाने मोजून दारू देणे सुरू केले. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात 2005 च्या अखेरीस अशाच लोकांसाठी इमारत उघडली. तिथे दारू दिली जात नव्हती, पण आपल्या खोलीत पिण्याला बंदीही नव्हती. 2009 मध्ये तिचा अभ्यास छापून आला. छप्पर मिळण्यापूर्वी दिवसाला सुमारे सोळा पेले पिणारे वर्षभरात साडेदहाच्या आसपास आले होते.

टोरांटोची रीत आम्हाला पटणारी नाही आणि ती इथे आणा असे आमचे म्हणणेही नाही. पण तिच्यामागची भीती आपल्या राज्यातलीही आहे. तलफ अनावर झाली की हाताला लागेल ते प्यायले जाते. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण मेले.

आता दीनची बाजू. दारूची मनाई कुरआनात टप्प्याटप्प्याने आली, हे आपण मक्तबमध्ये शिकलो. सूरह बकरामध्ये फायद्यापेक्षा गुन्हा मोठा असे सांगितले गेले, सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्याची मनाई झाली आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. आज हुकूम पूर्ण आहे, त्यात सूट कुणी मागत नाही. पण बुखारी शरीफमधली एक हदीसही आठवावी. दारू पिण्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणीतरी लानत दिली. प्रेषितांनी (स.) ते थांबवले आणि त्याला अल्लाह व रसूलवर प्रेम करणारा म्हटले. शिक्षा झाली होती, हे खरे. तरी तो आपल्यातूनच वजा झाला नाही. तौबाचे दार जिवंत माणसासाठीच उघडे असते, मग त्याला रात्रभर जिवंत ठेवणे हे त्या दाराआड कसे येईल?

निवाऱ्यात करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. बाटली बाहेर, माणूस आत, हा पहिला नियम. पिऊन आलेल्यांसाठी वेगळी खोली, शक्यतो संडासाजवळ, आणि बिछाना जमिनीवर, म्हणजे पडून डोके फुटणार नाही. कुशीवर झोपवायचे आणि रात्री राखणदाराने अधूनमधून श्वास पाहायचा. हाक मारून, हलवूनही उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, फिट आली असेल तर 108 ला फोन. झोपला असेल, सकाळी उतरेल, असे म्हणत थांबायचे नाही. शुद्धीत असेल त्याला पाणी आणि दोन घास द्यावेत, कारण रोज पिणारा बहुधा जेवलेलाच नसतो. उपदेश सकाळी. नशेत केलेला उपदेश वाया जातो, हे आम्ही पालकसभांच्या अनुभवावरून सांगतो.

सकाळी मात्र त्याला तसाच जाऊ देऊ नये. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. ही पाहणी घरोघरची होती, ज्याला घरच नाही त्याची अवस्था याहून वाईट असणार. उपचाराची जागा लांब नाही. साताऱ्याला 'परिवर्तन' आहे, पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभे केलेले 'मुक्तांगण' आहे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 वर मोफत आहे. पण बेघराकडे फोन नसतो, आधार कार्ड हरवलेले असते, सोबत सही करायला नातेवाईक नसतो. फोन लावणारा, कागद करून देणारा, गाडीत सोबत बसणारा कुणी लागतो.

चादरी वाटणाऱ्या पोरांना आम्ही या हिवाळ्यात एवढेच काम जादा सांगितले आहे. पिऊन पडलेल्याला रोख पैसे द्यायचे नाहीत. त्याला कुशीवर करायचे, चादर पांघरायची, श्वास पाहायचा, आणि पहाटे फज्रला जाताना त्याच जागी पुन्हा एक चक्कर मारायची.