तार जोडण्यापूर्वी



हमरापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला गणपतीच्या मूर्ती आठवतात. परंतु या पंचक्रोशीतली पुष्कळ मुले आता कारखान्यांत पाळीवर जातात, आणि तेथे त्यांची गाठ 'ड्राइव्ह' नावाच्या पेटीशी पडते. तिच्याविषयी आज चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

ही पेटी करते काय? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चार ध्रुवांची मोटार तिच्यावर मिनिटाला १५०० हून किंचित कमी फेरे घेते. ड्राइव्ह या विजेची आधी डी.सी. करतो व मग हव्या तितक्या आवर्तनांची नवी वीज घडवतो. आवर्तने २५ केली की वेग निम्मा. पूर्वी हे काम पेटीवरच्या बटणाने होई. आता पेटीला इथरनेटची तार जोडतात. १९७३ साली अमेरिकेत गणकयंत्रे एकमेकांस जोडण्यासाठी निघालेली ही युक्ती. तार जोडली की दूर कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस मोटार चालू-बंद करू शकतो. सोय मोठी खरी. पण पट्ट्याखाली हात घातलेला कामगार त्याला दिसत नाही.

एका कारखान्यात आमचा एक सोबती पट्ट्याखाली अडकलेला माल काढीत होता. पेटीवरचे बटण त्याने स्वतः बंद केले होते. तरी पट्टा हलला. हुकूम तारेतून आला होता. शेजारच्याने दोरी ओढून पट्टा थांबवला, म्हणून बोटे वाचली.

तेव्हा तार जोडण्यापूर्वीची तयारी कोणती?

पहिली गोष्ट, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे. दुसरी, लगेच झाकण उघडू नये. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये सुमारे ५८५ व्होल्ट डी.सी. साठलेले असतात. पेटीवर लिहिलेली मिनिटे थांबावे, मग मीटर लावून खात्री करावी. तिसरी, इथरनेटची केबल मोटारीच्या केबलपासून दूर न्यावी. ओलांडणे भागच पडले तर काटकोनात. तांब्याची असल्यास एका टप्प्यात १०० मीटरहून लांब नको. चौथी, प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र पत्ता द्यावा व तो वहीत नोंदवावा. एका पत्त्याची दोन घरे असली की टपालाचा घोळ होतो, तसाच येथेही होतो.

आता मुख्य गोष्ट. तार तुटली तर मोटारीने थांबावे की चालत राहावे, हे आधी ठरवावे. पट्टा थांबलेला बरा. विषारी वायू बाहेर काढणारा पंखा थांबला तर घात होईल. पेटीवरची चावी 'जागेवर' केली असता दूरचा हुकूम चालता कामा नये. आणि तातडीने थांबवण्याच्या लाल बटणाची तार निराळीच असावी. ते इथरनेटच्या भरवशावर ठेवू नये. १९७९ सालापासून यंत्रांत रूढ झालेली मॉडबस भाषा, तिच्या साध्या रूपात, हुकूम देणारा कोण हे विचारीतच नाही. म्हणून यंत्रांचे जाळे बाहेरच्या इंटरनेटला थेट जोडू नये.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने फिरत्या यंत्राला कुंपण घालणे मालकांवर बंधनकारक केले. आता हुकूम तारेतून येतो, तर त्यालाही कुंपण हवे. आमचा नव्या यंत्राला विरोध नाही. तार जोडायला इंजिनियरसाहेब येतील तेव्हा, बंधूंनो, त्यांना नम्रपणे एवढेच विचारा, "साहेब, आम्ही आत हात घातला असताना ही मोटार कोण कोण चालू करू शकतो?" उत्तर "कोणीही नाही" असे मिळेपर्यंत हात बाहेरच ठेवा.