सुट्टीचे पॉइंट आणि परगावचा भाव

वर्षातून एक आठवडा कुटुंबासह बाहेरगावी राहण्याचा हक्क पंचवीस वर्षांसाठी आजच विकत घ्यावा, ही कल्पना आता आपल्या घरांना अपरिचित राहिलेली नाही. लग्नकार्यात भेटणारे आप्त, पेढीवर येणारे स्नेही ‘आम्ही मेंबरशिप घेतली आहे’ असे सहज सांगून जातात. पूर्वी अशा योजनांत ठरावीक आठवडा मिळत असे. आता अनेक योजनांत वर्षाला ठरावीक पॉइंट खात्यात जमा होतात आणि ते खर्च करून खोली मिळते. विक्रीच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे पॉइंट आपण जगात कुठेही वापरू शकता.’ हे वाक्य बहुधा खोटे नसते, परंतु ते अपूर्ण असते. पॉइंट कुठेही चालतील हे खरे; पण कोणत्या भावाने चालतील, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कल्पनेचा उगम

निवासाचा काळ वाटून घेण्याची ही पद्धत युरोपातील. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ साली स्थापन झाली आणि सभासदांना पॉइंटच्या हिशेबाने निवास देण्याची प्रथा तिने रुजवली. पुढे अमेरिकेत आठवड्यांची विक्री वाढली, तेव्हा एक अडचण समोर आली. दरवर्षी त्याच गावी, त्याच इमारतीत जाऊन माणूस कंटाळतो. त्यावर उपाय म्हणून इंडियाना राज्यात १९७४ साली आरसीआय ही अदलाबदल करणारी संस्था सुरू झाली. एका ठिकाणच्या सभासदाने आपला आठवडा तिच्याकडे जमा करावा आणि दुसऱ्या ठिकाणचा उचलावा, अशी ती व्यवस्था. डिस्नेने १९९१ साली आपली योजना पॉइंटवरच उभारली.

भारतात स्टर्लिंग कंपनीने १९८६ साली या व्यवसायात पाऊल टाकले आणि महिंद्र समूहाची कंपनी १९९६ साली आली. क्लब महिंद्रच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वात वर्षाचे जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार हंगाम पाडलेले असतात, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. गर्दीचा हंगाम महाग, निवांत हंगाम स्वस्त. खोलीच्या आकारानेही किंमत बदलते. थोडक्यात, विकत घेतली जाते ती खोली नव्हे. विशिष्ट हंगामात, विशिष्ट आकाराच्या खोलीत राहण्याचा हक्क आपण घेत असतो.

बाहेर गेल्यावर भाव का उतरतो?

आमच्या काष्टीचा जनावरांचा आठवडे बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. गोठ्यात उभ्या असलेल्या बैलजोडीची मालकाने मनाशी धरलेली किंमत बाजारात उपयोगी पडत नाही. त्या दिवशी किती जनावरे आली आणि किती गिऱ्हाईक आले, यावर भाव ठरतो. पॉइंटचेही तसेच आहे. माहितीपत्रकात छापलेली संख्या ही गोठ्यातली किंमत. हव्या त्या तारखेला, हव्या त्या गावी मिळणारी रात्र हा बाजारभाव.

हा भाव बाहेर उतरतो त्याचे मूळ कारण अगदी साधे आहे. कंपनीच्या स्वतःच्या निवासात एखादी खोली रिकामी राहिली, तर ती सभासदाला देण्यात कंपनीचा जादा खर्च फारच थोडा असतो. इमारत उभी आहे, नोकरवर्ग पगारावर आहे, दिवे लागलेलेच आहेत. म्हणून घरच्या खोलीसाठी कंपनी उदार असते. परंतु आपण त्याच पॉइंटवर दुसऱ्या कोणाच्या हॉटेलात खोली, विमानाचे तिकीट किंवा जहाजाची सफर मागितली, तर कंपनीला त्या तिऱ्हाइताला रोख पैसे मोजावे लागतात. जिथे रोख मोजावी लागते तिथे हात आखडतो. त्यामुळे मूळ व्यवहारापासून जितके दूर जावे तितका पॉइंटचा भाव कमी होतो. स्वतःच्या निवासात सर्वांत चांगला, अदलाबदलीत त्याहून कमी, आणि हॉटेल, तिकीट वा खरेदीत सर्वांत कमी, असा हा उतरता क्रम सर्वसाधारणपणे दिसतो.

अदलाबदलीतही सर्व आठवडे समान धरले जात नाहीत. आपण जमा केलेल्या आठवड्याला मागणी किती, हंगाम कोणता, खोली केवढी आणि प्रत्यक्ष तारखेच्या किती आधी तो जमा केला, यांवर त्याची ताकद ठरते. डिसेंबरचा गोव्यातील आठवडा लवकर जमा करणाऱ्याला निवडीला भरपूर वाव मिळतो. निवांत हंगामातील लहान खोली उशिरा जमा करणाऱ्याला जे उरले असेल त्यातून निवडावे लागते. शिवाय प्रत्येक अदलाबदलीला वेगळे शुल्क असते, आणि काही ठिकाणी वीज, भोजन अथवा स्थानिक कर तिथे पोहोचल्यावर रोखीने भरावे लागतात.

एका रात्रीची खरी किंमत

हा हिशेब कोणत्याही घरात अर्ध्या तासात करता येतो. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत; वाचकांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, पाच लाख रुपये एकरकमी भरून पंचवीस वर्षांसाठी दरवर्षी सात रात्रींचे पॉइंट घेतले. वार्षिक शुल्क करासह वीस हजार रुपये. विक्रेता सांगतो : पाच लाख भागिले पंचवीस म्हणजे वर्षाला वीस हजार, अधिक शुल्क वीस हजार, एकूण चाळीस हजार, म्हणजे रात्रीला सुमारे ५,७०० रुपये. गणित बरोबर आहे, पण त्यात व्याज विसरले आहे. तेच पाच लाख सात टक्क्यांनी गुंतवले असते, तर पंचवीस वर्षे दरवर्षी सुमारे ४२,९०० रुपये काढता आले असते आणि शेवटी मुद्दल संपले असते. म्हणून वर्षाचा खरा खर्च ४२,९०० अधिक २०,०००, म्हणजे ६२,९०० रुपये. सातने भागल्यास एक रात्र सुमारे ९,००० रुपयांना पडते.

आता तेच पॉइंट परगावी वापरू. तिथे सातऐवजी पाचच रात्री मिळाल्या आणि अदलाबदलीचे शुल्क आठ हजार पडले, तर रात्र सुमारे १४,२०० रुपयांवर जाते. दर तीन वर्षांतील एक वर्ष पॉइंट न वापरता वाया गेले, तर घरच्या निवासातील रात्रही सुमारे १३,५०० रुपयांची होते. न वापरलेले पॉइंट ही सर्वांत महाग खोली असते, कारण तिथे कोणीच झोपलेले नसते.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. आज सात हजारांना मिळणाऱ्या खोलीचे भाडे दरसाल सहा टक्क्यांनी वाढले, तर बारा वर्षांत ते चौदा हजारांच्या घरात जाईल. वार्षिक शुल्क त्याच गतीने चाळीस हजारांवर गेले, तरी सभासदाचा वर्षाचा खर्च ८२,९०० रुपये, म्हणजे रात्रीला सुमारे ११,८०० रुपये राहील. याचा अर्थ, जो दरवर्षी जातो, घरच्याच निवासांत जातो, गर्दीच्या हंगामाचा हक्क घेऊन ठेवतो आणि महिनोन्‌महिने आधी नोंदणी करतो, त्याला पुढील काळात लाभ होऊ शकतो. सभासदत्व सर्वांना तोट्याचेच असते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र तो लाभ नियमाने आणि ठरल्या वाटेने प्रवास करणाऱ्याचा आहे. ‘जगात कुठेही’ या आश्वासनावर भुलणाऱ्याचा नव्हे.

आपल्या घरांची दिनदर्शिका

गावातील एक धान्य व्यापारी आणि त्यांच्या पत्नी काही काळापूर्वी असेच कागद घेऊन माझ्याकडे आले होते. पुण्यातील एका हॉटेलात भोजनाचे निमंत्रण, भेटवस्तू आणि दोन तासांचे सादरीकरण झाले होते. मुदत ठेव मोडून रक्कम भरायची, एवढेच राहिले होते. ती ठेव मुलीच्या उच्च शिक्षणासाठी राखलेली होती. आम्ही प्रथम वर्षाचे महिने मांडले. चातुर्मासात घरातील ज्येष्ठ मंडळी प्रवास टाळतात. भाद्रपदात पर्युषण. दिवाळीत दुकानाचे हिशेब. फेब्रुवारी-मार्च मुलांच्या परीक्षांचे. उरले ते दिवाळीनंतरचे काही दिवस, नाताळ आणि मे महिना. म्हणजे नेमके तेच आठवडे, ज्यांना पॉइंट सर्वांत जास्त लागतात आणि जे सर्वांत आधी भरतात. त्यांना देऊ केलेला हक्क मात्र निवांत हंगामाचा होता. पावसाळ्यातील स्वस्त आठवड्यांचा त्या घराला उपयोगच नव्हता.

वहिनींनी तेव्हा विचारलेला प्रश्न मला सर्वांत मार्मिक वाटला. “साहेब, बाहेरच्या देशात खोली मिळेल हो, पण सूर्यास्तापूर्वी कंदमुळाशिवायचं जेवण तिथं कोण देणार?” सादरीकरणात या प्रश्नाला जागा नव्हती. आपल्या कुटुंबांसाठी खोलीच्या मूल्यात स्वयंपाकघर मोडते. कंपनीच्या काही निवासांत खोलीला जोडून छोटे स्वयंपाकघर असते, तर काही ठिकाणी जैन भोजन सांगून मिळते. अदलाबदलीत मिळणाऱ्या अनोळखी जागी ते मिळेलच याची शाश्वती नसते. रोज बाहेरून भोजन मागवावे लागले, तर पॉइंटवर वाचलेले पैसे ताटात खर्च होतात. उलट मांगीतुंगी, कुंभोज, कुंथलगिरी येथे जाणाऱ्या यात्रेकरूंना धर्मशाळा आणि भोजनशाळेची सोय पूर्वापार लाभलेली आहे. ज्या घराचा निम्मा प्रवास तीर्थक्षेत्रांचा, त्याने सात रात्रींच्या हक्कातील किती रात्री खरोखर वापरल्या जातील, हे आधी मोजावे.

त्या दांपत्याने ठेव मोडली नाही. त्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम प्रवासाच्या वेगळ्या आवर्ती खात्यात भरण्याचे त्यांनी ठरवले.

पॉइंट म्हणजे ठेव नव्हे

परगावी बुकिंग करण्यापलीकडे आणखी एक रूपांतर लोकांच्या मनात असते : ‘नाही वापरले, तर शेवटी पैसे परत मिळतील.’ महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना या समजुतीची फार मोठी किंमत मोजावी लागली. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड ही कंपनी हॉटेलातील रात्री विकत असे, आणि त्या न वापरणाऱ्याला मुदतीअखेर परतावा मिळेल, असे त्या योजनांचे स्वरूप होते. जुलै २०१४ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून कंपनीस नवी रक्कम गोळा करण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून, सुमारे ५१ लाख ५५ हजार गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. आदेश निघाला म्हणून पैसे हातात आले, असे झाले नाही. परताव्याची वाट पाहण्यात लोकांची वर्षे गेली.

सुट्टीचा प्रामाणिक करार आणि अशी योजना यांतील भेद एका प्रश्नाने कळतो : विक्रेता प्रवासाविषयी बोलतो आहे की परताव्याविषयी? परताव्याचा शब्द निघाला की सावध व्हावे. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे; पॉइंटला तसे कोणतेही संरक्षण नाही.

सही करण्यापूर्वी

काही गोष्टी लेखी मागाव्यात. आपल्या हंगामाचे पॉइंट परगावी किती रात्री देतील, याचा तक्ता. तो तक्ता बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कलम. वार्षिक शुल्क वाढण्याची रीत. न वापरलेले पॉइंट किती काळ टिकतात. वारसाला अथवा तिऱ्हाइताला हस्तांतर करण्याचे शुल्क. आणि करार रद्द करण्याची मुदत. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला असा करार चौदा दिवसांत विनाकारण रद्द करता येतो. आपल्याकडे प्रत्येक कराराचा कागदच पाहावा लागतो. त्यात अशी मुदत असेल तर तिची अखेरची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी. तोंडी दिलेले वचन कागदावर नसेल, तर ते दिलेच नाही असे समजावे.

ज्यांनी पॉइंट आधीच घेतले आहेत, त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. भरलेली मूळ रक्कम आता परत येणारी नसेल, तर यापुढे केवळ वार्षिक शुल्क आणि त्यातून मिळणाऱ्या रात्री यांचीच तुलना करावी. पॉइंट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या निवासांत, आणि बाजारात भाडे जास्त असलेल्या दिवसांत वापरावेत. अदलाबदल करायचीच तर आठवडा लवकर जमा करावा. साध्या हॉटेलात जिथे रोखीने खोली स्वस्त मिळते, तिथे पॉइंट मोडू नयेत.

सेवेत त्रुटी असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या रहिवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे काष्टीच्या ग्राहकाला अहिल्यानगर येथेच तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

अपरिग्रहाची शिकवण लाभलेल्या आपल्या समाजाला हे सांगायला हवेच असे नाही की, साठवलेल्या हक्कापेक्षा घेतलेला अनुभव मोलाचा. आई-वडिलांची तब्येत साथ देत आहे आणि मुले अजून बरोबर यायला तयार आहेत, तोवरच कुटुंबाच्या प्रवासाचे दिवस असतात. ते पॉइंटने साधोत, रोखीने साधोत, किंवा धर्मशाळेच्या साध्या खोलीत साधोत. हिशेब पक्का असला म्हणजे मन निश्चिंत राहते.