'नको' आणि 'आवडत नाही' : शिशूंच्या न्याहारीसंबंधी एक टिपण

'नाश्ता' हा शब्द आपण फारसीतून घेतला. फारसीत त्याचा मूळ अर्थ 'उपाशी' असा आहे; उपास मोडण्यासाठी जे खावयाचे, त्यालाच पुढे ते नाव मिळाले. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला हा मूळ अर्थ अक्षरशः लागू पडतो. रात्रभराच्या खंडानंतरचे त्याचे ते पहिले अन्न होय. पोट लहान असल्यामुळे ते थोडेच खाणार. म्हणून ते थोडे कसदार असले पाहिजे. पुष्कळ घरांत मात्र या वेळी त्याच्यापुढे चहा-बिस्किट येते. बिस्किटात मुख्यत्वे मैदा आणि साखर असते, आणि चहातील टॅनिनमुळे धान्य-भाज्यांतील लोहाचे शोषण घटते.

याला पर्याय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली म्हणजे मोडांतील विकरामुळे तिच्यातील पिष्टाचे काही अंशी विघटन होते. त्यामुळे तिची लापशी कमी दाटते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ सामावते. थालीपिठाच्या भाजणीत धान्यातील लायसिनची उणीव डाळी भरून काढतात. पोह्यांवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. मात्र पोह्यांतील अख्खे शेंगदाणे लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असल्याने तेथे कूटच वापरावे.

परंतु मूल हे आनंदाने खाईल काय? येथे प्रश्न आहारशास्त्राइतकाच भाषेचाही आहे. मराठीत 'नको' आणि 'आवडत नाही' हे दोन भिन्न प्रयोग आहेत. पहिला त्या क्षणीची अनिच्छा सांगतो. दुसरा स्थिर रुचीविषयी विधान करतो. मूल म्हणते 'नको', आणि आपण पाहुण्यांना सांगतो, 'त्याला नाचणी आवडत नाही.' मूल हे ऐकत असते. क्षणिक नकाराचा आपण केलेला हा चुकीचा अनुवाद हळूहळू त्याचीच स्वतःविषयीची समजूत होऊन बसतो, आणि तो पदार्थ पुन्हा पानात येत नाही.

वस्तुतः रुची ही शब्दासारखीच परिचयाने येते. मुलाच्या तोंडी येण्यापूर्वी शब्द कित्येकदा त्याच्या कानावरून गेलेला असतो. अमेरिकेत लिअ‍ॅन बर्च आणि डायान मार्लिन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित पदार्थ कमी-अधिक वेळा चाखावयास दिले. जो पदार्थ अधिक वेळा चाखला, तो अधिक आवडू लागला.

यावरून व्यवहारात तीन गोष्टी निष्पन्न होतात. नवा पदार्थ चमचाभरच, परिचित पदार्थाच्या शेजारी, आग्रहाविना पुनःपुन्हा वाढावा. वडीलधाऱ्यांनी तोच पदार्थ मुलाबरोबर खावा. आणि 'खातोस का?' असे न विचारता 'थालीपीठ हवे की घावन?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला 'नको' हे उत्तर सहज सुचते, दुसऱ्यात निवड मुलाची राहते. प्रस्तुत लेखकाच्या घरी नाचणीच्या लापशीला नऊ सकाळी 'नको' हेच उत्तर मिळाले. दहाव्या सकाळी वाटी रिकामी झाली. त्या नऊ दिवसांत 'हिला आवडत नाही' हे वाक्य घरात कोणी उच्चारले नव्हते, एवढीच काय ती खबरदारी घेतली होती.